आधी अंदाज लिहा, मग यंत्राला विचारा: संगणक आणि संशोधन प्रकल्प एकत्र शिकवताना

प्रश्न: यंदा नववीचा संगणकाचा तास आणि विज्ञान प्रकल्पाचा तास असे दोन्ही माझ्याकडे आले आहेत. मराठी माध्यम, वर्गात ४६ मुलं, चालू संगणक ११. मुलं प्रकल्प म्हणून नेटवरून पानं छापून आणतात, पायथॉन या संगणकभाषेतले प्रोग्रॅम फळ्यावरून उतरवून घेतात आणि त्यातलं काही विचारलं की गप्प बसतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

दोन्ही तास एकाच शिक्षकाकडे येणं ही दुर्मिळ संधी आहे, ती सोडू नका. एरवी संगणकाचे सर वेगळे, विज्ञानाच्या बाई वेगळ्या. त्यामुळे दोन्हीकडे आपल्याला एकच गोष्ट शिकवली जाते आहे, हे मुलांना कधी दिसतच नाही. ती गोष्ट अशी: 'असं असेल' हे आधी म्हणायचं, मग तपासून पाहायचं, आणि म्हटलेलं व निघालेलं जुळलं नाही तर ते का जुळलं नाही याचा माग काढायचा. प्रोग्रॅममधली चूक शोधणं आणि प्रयोगातला विचित्र आकडा समजून घेणं ही डोक्याची एकच हालचाल आहे.

म्हणून दोन्ही तासांना एकच नियम लावा. उत्तर समोर येण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत पेनाने लिहायचा. प्रोग्रॅम चालवण्याआधी, मोजपट्टी लावण्याआधी, आलेख काढण्याआधी. अंदाज चुकला तर गुण जात नाहीत, लिहिलाच नाही तर जातात. इतक्या वर्षांत मी शिकवण्याच्या पुष्कळ पद्धती वापरून पाहिल्या, पण वर्गाचा नूर याच्याइतका दुसऱ्या कशाने पालटलेला मला दिसला नाही. फळ्यावरून उतरवणाऱ्या मुलाचं त्या ओळींत काहीच गुंतलेलं नसतं. 'उत्तर १२ येईल' असं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि पडद्यावर १५ आले, की ते मूल कोणी न सांगता पुन्हा पहिल्या ओळीकडे जातं.

संगणकाच्या तासाबद्दल आधी बोलते. आपल्याकडे पहिल्या दिवसापासून मुलांना प्रोग्रॅम लिहायला लावतात. भाषा शिकताना वाचन आधी येतं, लेखन नंतर, आणि इथेही तसंच हवं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये असताना स्यू सेंटन्स यांनी याच क्रमाची एक पद्धत मांडली: तयार प्रोग्रॅम वाचून काय होईल ते सांगा, चालवून पाहा, आत काय चाललं आहे ते तपासा, थोडा बदल करा, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा लिहा. नववीच्या पहिल्या दोन महिन्यांत मी मुलांना कोऱ्या पडद्यासमोर बसवतच नाही. आठ-दहा ओळींचा प्रोग्रॅम कागदावर देते आणि ड्राय रनचं, म्हणजे यंत्राशिवाय ओळीओळीने प्रोग्रॅम डोक्यात चालवून पाहण्याचं, कोष्टक काढायला सांगते. डावीकडे ओळीचा क्रमांक, पुढे प्रत्येक व्हेरिएबलसाठी, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावासाठी, एक रकाना, आणि ओळ संपली की त्या वेळची किंमत.

कोष्टक नसेल तर काही समजुती शेवटपर्यंत लपून राहतात. गणितात बरोबरच्या चिन्हाचा अर्थ दोन्ही बाजू समान, असं मुलं पहिलीपासून शिकलेली असतात. त्यामुळे 'क्ष बरोबर क्ष अधिक एक' ही ओळ त्यांना खोटी वाटते. हुशार मुलांना तर जास्तच, कारण समीकरण म्हणून ती खोटीच आहे. इथे उजवीकडचं आधी काढायचं आणि डावीकडच्या नावाखाली ठेवायचं, हे तोंडी सांगून उरत नाही. रकान्यात जुनी किंमत खोडून नवी लिहिली की उरतं. तसंच पायथॉनमध्ये वापरणाऱ्याकडून घेतलेला आकडा आधी मजकूर म्हणूनच येतो. मुलं ५ आणि ३ देतात, बेरीज ८ येईल असं लिहितात आणि पडद्यावर ५३ उमटतात. हा तास घाईने संपवू नका. ५३ का आले हे मुलांना आपसात भांडू द्या.

४६ मुलांच्या वर्गात हे भांडण घडवून आणण्याची एक चांगली रीत आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवताना एरिक माझूर यांनी ती १९९०च्या दशकात रुजवली. प्रश्न फळ्यावर लिहा आणि चार पर्याय द्या. मुलांनी एकमेकांशी न बोलता छातीजवळ एक ते चार बोटं दाखवायची. उत्तरं विखुरलेली दिसली तर खरं उत्तर सांगू नका. वेगळी बोटं दाखवणाऱ्या शेजाऱ्याला दोन मिनिटं पटवायला सांगा आणि पुन्हा बोटं मागा. हे विजेशिवाय चालतं, आणि मागच्या बाकावरच्यालाही मत द्यावंच लागतं.

आता ११ संगणकांचं. एका यंत्राशी चार मुलं बसवली तर एक टाइप करतो आणि तिघं पाहतात. वर्गाचे दोन गट करा. २२ मुलं जोडीने यंत्रांवर, उरलेली २४ बाकांवर कागदावरचं काम करतील, अर्ध्या तासाने अदलाबदल. बाकांवरचं काम कमी दर्जाचं समजू नका. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेला प्रकार त्यासाठी उत्तम आहे. चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या ओळी कापून पट्ट्या करायच्या, त्यात दोन-तीन चुकीच्या पट्ट्या मिसळायच्या आणि मुलांनी योग्य क्रम लावायचा. टायपिंगच्या चुका वजा होतात आणि फक्त तर्क उरतो. यंत्रावरच्या जोडीत एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने सांगायचं, आणि सांगणाऱ्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. दर सात-आठ मिनिटांनी घंटा वाजवून जागा बदलायला लावा. घंटा नसेल तर मुलगा-मुलगी अशा जोडीत कीबोर्ड बहुतेक वेळा मुलाकडेच राहतो, आणि वर्षाअखेरीस 'मुलींना संगणकात रस नाही' असं सगळे म्हणायला लागतात. तो रस त्यांच्या हातात येऊच दिलेला नसतो.

माध्यम मराठी आहे याचा धसका घेऊ नका. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं: पाऊस, बेरीज, दिवस, सरासरी. आज्ञेचे शब्द इंग्रजीच राहतात आणि ते मोजके आहेत, पण नावं आपली असली की कोणतं नाव भाषेने दिलेलं आणि कोणतं आपण ठेवलेलं, हा नवख्याचा मोठा गोंधळ आपोआप मिटतो. आणखी एक गंमत मुलांना जरूर दाखवा. वापरणाऱ्याने १२ हा आकडा देवनागरी अंकांत दिला तरी पायथॉन त्याचं संख्येत रूपांतर करतो. कोडमध्ये थेट लिहिलेला आकडा मात्र इंग्रजी अंकांतच हवा. चूक दाखवणारे संदेश इंग्रजीत येतात, त्यांची भीती घालवायला ते खालून वर वाचायला शिकवा. शेवटच्या ओळीत चूक कोणत्या प्रकारची ते असतं, त्याच्या वर ओळीचा क्रमांक. नेमएरर (अनोळखी नाव), इंडेंटेशनएरर (ओळीआधीची जागा चुकली), टाइपएरर (न जुळणारे प्रकार एकत्र), व्हॅल्यूएरर (न चालणारी किंमत) या चौघांचा अर्थ मुलांनीच मराठीत लिहून भिंतीवर लावावा. दिवाळीपर्यंत 'मॅडम, चालत नाही' ऐवजी 'मॅडम, टाइपएरर येतोय, मजकूर आणि संख्या एकत्र झालीय' असं ऐकू येईल.

आता प्रकल्पाकडे वळू. छापून आणलेली पानं शिक्षेने थांबत नाहीत. 'प्रदूषण: कारणे व उपाय' हा विषय दिला की त्याचं उत्तर आधीच कुठेतरी लिहिलेलं असतं, आणि स्टेशनरीच्या दुकानात चित्रांसकट विकतही मिळतं. ज्याचं उत्तर मुलाने मोजेपर्यंत जगात कुठेच नसतं, असा प्रश्न हवा. शाळा जूनमध्ये उघडते आणि पाऊसही त्याच सुमारास येतो, म्हणून मी दर वर्षी पावसापासून सुरुवात करते.

'आपल्या गावचा पाऊस तर मोबाइलवर दिसतो' असं कोणीतरी म्हणतंच. तेव्हा २६ जुलै २००५ चे आकडे फळ्यावर लिहा. मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. एका शहरात एवढी तफावत असेल, तर तालुक्याच्या ठिकाणचा आकडा आपल्या मैदानाचा म्हणता येईल का? इथून प्रश्न बारीक होत जातो. 'पाऊस' या विषयापासून निघून 'जुलैमध्ये आपल्या मैदानावरच्या पावसाची बेरीज तालुक्याच्या नोंदीपेक्षा किती वेगळी असेल?' इथपर्यंत मुलांनी यायला हवं. तुम्ही फक्त विचारत राहा: कुठे? केव्हापासून केव्हापर्यंत? कशाने मोजणार? किती फरक पडला तर 'वेगळं' म्हणणार? चारही उत्तरं वहीत आली की प्रकल्पाला परवानगी द्या, त्याआधी नाही. यात दोन आठवडे गेले तरी जाऊ द्या. प्रकल्पाचा निम्मा कस इथेच लागतो.

उपकरण घरगुती चालेल. थंड पेयाची प्लास्टिकची बाटली वरच्या गोलाईखाली कापा आणि कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तोंड आणि अंग एकाच व्यासाचं राहिलं, तर आत जितके मिलिमीटर पाणी चढेल तितकाच पाऊस. तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत आधीच पाणी भरा, त्या रेषेला शून्य म्हणा आणि रोज मोजून झालं की पाणी पुन्हा त्या रेषेवर आणा. बाटली इमारत आणि झाडांपासून लांब ठेवा, त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. आणि बाटल्या दोन ठेवा, शेजारीशेजारी. रोज दोन्हींत थोडा फरक येईल. 'मग खरा आकडा कोणता?' असं मुलं विचारतील. मोजमापात अनिश्चितता असते हे पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येने समजत नाही, या दोन बाटल्यांनी समजतं. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला मागच्या २४ तासांचा पाऊस नोंदतं. तालुक्याच्या आकड्याशी तुलना करायची तर आपलीही वेळ तीच ठेवावी लागेल, नाहीतर एका दिवसाचा पाऊस दुसऱ्याच तारखेला पडेल.

नोंदवहीबद्दल मी कडक आहे. शिवलेली वही, पानांना क्रमांक, पेननेच लिहायचं. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खाडाखोड नाही, पान फाडणं नाही. शेजारी नोंद घेणाऱ्याची सही. पक्की वही वेगळी करायची नाही. सुंदर अक्षरात नंतर उतरवलेल्या वहीत नेमके तेच आकडे गळून जातात ज्यांच्याबद्दल विचार करायला हवा होता.

आणि आता दोन्ही तास एकमेकांना भेटतात. समजा एका आठवड्याच्या नोंदी अशा आल्या: गुरुवार १२, शुक्रवार ०, शनिवार ३, रविवार शाळा बंद म्हणून नोंद नाही, सोमवार ४८, मंगळवार ०, बुधवार ७. संगणकाच्या तासाला सांगा, रोजची सरासरी काढणारा प्रोग्रॅम लिहा, पण आधी अंदाज. काही मुलं रविवारी शून्य भरतील. बेरीज ७०, भागिले ७, उत्तर १०. काही रविवार गाळतील. ७० भागिले ६, उत्तर ११.६७. काहीजण फाइलमधली जागा तशीच रिकामी ठेवतील आणि रिकामा मजकूर संख्येत बदलता येत नाही म्हणून पायथॉन व्हॅल्यूएरर देऊन थांबेल. तेच आकडे कॅल्कमध्ये, म्हणजे रकान्यांत आकडेमोड करणाऱ्या स्प्रेडशीटमध्ये, भरले तर ती काही न बोलता रिकामा चौकोन सोडून देईल आणि ११.६७ दाखवेल.

बरोबर कोण? इथे घाई करू नका, तासच्या तास गेला तरी चालेल. रविवारी पाऊस शून्य होता असं कोणीही पाहिलेलं नाही, म्हणून शून्य लिहिणं खोटं. पण रविवारी बाटली रिकामी केलेली नव्हती, म्हणजे सोमवारच्या ४८ मध्ये शनिवार सकाळपासूनचे दोन दिवस आहेत. म्हणून बेरीज ७० पूर्ण सात दिवसांची ठरते आणि सातने भागणं योग्य, थोडंफार बाष्पीभवन सोडून. म्हणजे ज्यांनी शून्य भरलं त्यांचं उत्तर बरोबर, पण कारण चुकीचं. ज्यांनी प्रामाणिकपणे रविवार गाळला त्यांचं उत्तर चूक. आणि 'सोमवारी सर्वाधिक ४८ मिलिमीटर पाऊस झाला' हे वाक्य तर लिहिताच येणार नाही, कारण ते दोन दिवसांत कसे वाटले गेले हे कोणालाच सांगता येत नाही. हवामान खात्याच्या व्याख्येत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला की तो पावसाळी दिवस. मग या आठवड्यात पावसाळी दिवस चार की पाच? 'चार किंवा पाच' हेच खरं उत्तर आहे, आणि अहवालात तसंच लिहायची हिंमत मुलांना द्यायला हवी.

नुसत्या विज्ञानाच्या तासाला ही चर्चा झाली नसती, मुलांनी मुकाट्याने सातने भागलं असतं. नुसत्या संगणकाच्या तासालाही झाली नसती, कारण पुस्तकातल्या आकड्यांत रविवार कधी रिकामा नसतो. प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे नोंद नसलेल्या दिवसाचं काय करायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि ठरवायचं तर बाटलीजवळ प्रत्यक्षात काय झालं हे माहीत असावं लागतं. येल विद्यापीठात १९८०च्या दशकात एलियट सोलोवे यांनी विद्यार्थ्यांना पावसाचीच सरासरी काढायला दिली होती. विशिष्ट आकडा येईपर्यंत नोंदी घ्या आणि सरासरी सांगा, एवढंच. दिसायला सोप्या या प्रश्नात महाविद्यालयातली पुष्कळ मुलं अडखळली आणि संगणकशिक्षणाच्या अभ्यासात तो प्रश्न प्रसिद्ध झाला. कुठे थांबायचं, काय मोजायचं, काय गाळायचं आणि एकही नोंद नसेल तर शून्याने भागायचं कसं टाळायचं, हे सगळं एकाच वेळी सांभाळावं लागतं. त्यामुळे तुमच्या नववीला वेळ लागला तर काळजी करू नका.

ए.आय.चा मुद्दा तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच. आज घरच्या फोनवर सरासरीचा प्रोग्रॅम मागितला की क्षणात मिळतो. बंदी घालून काही साधत नाही, कारण तपासणार कसं? त्याऐवजी तोंडी परीक्षा घ्या. प्रत्येक मुलाला तीनच मिनिटं. त्याच्याच प्रोग्रॅमची एक ओळ दाखवून विचारा, 'ही काढून टाकली तर काय होईल?' मग एक छोटा बदल समोर करायला लावा: सरासरीऐवजी सर्वाधिक पावसाची नोंद दाखव. आणि वहीतला एक आकडा दाखवून विचारा, 'हा कसा आला?' दुसऱ्याकडून आणलेलं काम या तीन प्रश्नांपुढे टिकत नाही, आणि स्वतः केलेलं मूल या वेळी खुलून बोलतं. ४६ मुलांना ही तोंडी घ्यायची तर सव्वादोन तास लागतात, म्हणजे तीन-चार तासिका. बाकीचे तेव्हा पट्ट्यांचं काम करतील. हा वेळ काढाच. मी गुणांची विभागणी अशी ठेवते: निम्मे नोंदवहीला, पाव तोंडीला, उरलेले प्रोग्रॅम आणि अहवाल मिळून. सजावटीला काही नाही. पालक पहिल्या वर्षी तक्रार करतात, थर्माकोलची प्रतिकृती का नको म्हणून. एखादी भरलेली वही त्यांच्यासमोर उघडून ठेवा आणि मुलालाच समजावून सांगू द्या.

अहवाल चार पानांच्या वर नको. प्रश्न, पद्धत, नोंदी, आलेख, निष्कर्ष आणि 'मर्यादा' या मथळ्याखाली निदान अर्धं पान. तिथे रविवार येतो, वाऱ्याने एकदा पडलेली बाटली येते, दोन बाटल्यांमधला फरक येतो. हे अर्धं पान मी सगळ्यात आधी वाचते.

स्पर्धांविषयी थोडक्यात. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी आहे आणि तिच्या पुढच्या टप्प्यात कृतिसंशोधन प्रकल्प असतो. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरते, तिथे स्थानिक प्रश्नावरच्या कामाला आणि नोंदवहीला महत्त्व आहे. संगणकाच्या बाजूने, २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झालेल्या बेब्रास स्पर्धेतले तर्काचे प्रश्न वर्गात वापरायला सुंदर आहेत, त्यांना प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नसते. मात्र स्पर्धेसाठी पाच मुलं निवडून बाकी वर्ग वाऱ्यावर सोडू नका. वर्षभर ४६ जणांनी काम करावं, त्यातून ज्याला जायचं तो जाईल.

यंत्रांबद्दल एक कामाची गोष्ट. शाळेत विंडोज ७ असेल तर पायथॉनची ३.८ आवृत्ती टाका, ३.९ पासून पुढच्या त्यावर चालत नाहीत. यंत्रं जरा नवी असतील तर एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेला थॉनी हा एडिटर, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं आणि चालवायचं साधन, घ्या. तो फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालतो. प्रोग्रॅम एकेक पाऊल पुढे नेत व्हेरिएबलच्या किमती शेजारी दाखवतो, म्हणजे मुलांनी कागदावर काढलेलं ड्राय रनचं कोष्टक पडद्यावर हलताना दिसतं. कागदावरचं कोष्टक आधी, थॉनी नंतर, हा क्रम मात्र बदलू नका.

तुमच्याकडे पावसाचे महिने निघून गेले असतील तर पुढच्या जूनची वाट पाहू नका. शाळेतला एखादा गळका नळ घ्या. एका मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरतात. मिनिटाला ६० थेंब पडत असतील तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे सुमारे ४.३ लिटर. पण ते २० मुलांना मान्य करू देऊ नका. मोजपात्रात १० मिलिलिटर भरेपर्यंत त्यांनी स्वतः थेंब मोजावेत, वेगवेगळ्या तोट्यांवर, सकाळी आणि दुपारी. अंदाज आधी वहीत.